समोरच्या फाटकातले टेम्पो

"एकोणीस," नाना पुटपुटले आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

पेपरात एकोणीस असं काहीच नव्हतं. समोरच्या फाटकातून एकोणिसावा टेम्पो आत गेला होता. समोरचा कारखाना मयेकरांचा, अलीकडचा आमचा. दोन्हीकडे आंब्याचा रस डब्यात भरायचं काम चाले, आणि मधे रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीतला खड्ड्यांचा रस्ता. माझे सासरे गजानन शेट्ये, ज्यांना सगळे नाना म्हणत, हंगामात रोज सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून पेपर घेऊन बसत. पलीकडे सदानंद मयेकर स्टुलावर बसून चहा पीत. एकाचा पेपर वाचून होत नसे नि दुसऱ्याचा चहा संपत नसे. दोघंही एकमेकांकडे आलेल्या आंब्याचे टेम्पो मोजत असत.

एके काळी दोघांचा कारखाना एकच होता. मग एका हंगामात आंब्याच्या दरावरून फाटलं, भागी मोडली, आणि तेव्हापासून चौदा वर्षं दोघांपैकी कुणी तो रस्ता ओलांडला नव्हता. मयेकरांना अंदाज लागू नये म्हणून नाना आमचे दोन-तीन टेम्पो रोज मागच्या फाटकानं आत घेत. मयेकर काय युक्ती करत ते आम्हाला माहीत नव्हतं, पण काहीतरी करत असणार हे नाना छातीठोकपणे सांगत.

मी खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "नाना, उद्या सुनावणी आहे. आपल्याला दिवसाला किती आंबा लागतो ते तिथे सांगायला हवं."

"काय खरं नाय गो यंदा."

"हे मी सरकारला कसं सांगू?"

"असंच सांग." ते पुन्हा पेपरात शिरले. "वीस."

हे वीसही आमचे नव्हते.

माझं माहेर कोल्हापूरचं. आमच्याकडे माणूस एकरी पन्नास टन ऊस काढतो आणि चारचौघांत सत्तर सांगतो. ऐकणारा मनातल्या मनात वीस वजा करतो आणि दोघंही खूश होऊन चहा पितात. कोकणात आले तर सगळा कारभारच उलटा. कलमं आंब्यानं वाकलेली असली तरी बागायतदार म्हणणार, यंदा काय खरं नाही. कारखान्याच्या आवारात उभं राहायला जागा नसली तरी मालक म्हणणार, कसलं काय, आपलं चाललंय. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात मी हे सगळं खरं धरून चालले होते. नवरा जहाजावर, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात, आणि इथे कारखाना बुडतोय म्हणून मी आईपाशी फोनवर रडले होते. त्या वर्षी नानांनी नवी कोरी गाडी घेतली.

ऑफिस मी बघू लागल्यावर हळूहळू कळलं की इथे आपला आकडा आपल्या तोंडानं कुणी सांगत नाही. भीती दोन गोष्टींची. एक म्हणजे दृष्ट लागते. दुसरी जास्त खरी होती. कारखान्याला किती आंबा हवाय हे बागायतदाराला कळलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दर चढतो. म्हणून सगळे लहान तोंड करून बसत. मला याचं हसू येई, आणि सहा वर्षांत मी नानांना यावरून पुष्कळ छेडलंही होतं. त्या मे महिन्यात मात्र माझं हसू पळालं.

झालं होतं असं. राज्य सरकारनं तेल आणि गॅसच्या नव्या धोरणाचा मसुदा काढला होता आणि त्यावर सुनावणी ठेवली होती. समुद्रकाठच्या जिल्ह्यांत फर्नेस ऑइलवर चालणारे बॉयलर पुढच्या हंगामापासून बंद करायचे आणि कारखान्यांनी नळानं येणारा गॅस वापरायचा. गॅसची मोठी वाहिनी महामार्गाच्या कडेनं येणार होती. तिथून आमच्या वसाहतीपर्यंत फाटा टाकायचा तर सगळ्या कारखान्यांची मिळून मागणी पुरेशी भरायला हवी. नाही भरली तर फाटा नाही. तेल मात्र तरीही बंद. आणि बॉयलरशिवाय आमचा धंदा म्हणजे चुलीशिवाय स्वयंपाक. वाफ नाही तर रस तापणार नाही, डबे उकळणार नाहीत, आंबा आवारातच कुजणार.

नानांनी मला सरळ सांगितलं होतं. मुंबईची एक पार्टी गोदामासाठी जागा बघून गेली होती आणि विसार द्यायला तयार होती. गॅस येत नसेल तर विकून मोकळं व्हायचं. नवरा म्हणाला, नाना म्हणतील तसं. त्याला समुद्रावरून काय फरक पडत होता? मला पडत होता. आंबे कापायला येणाऱ्या बायका मला नावानिशी माहीत होत्या, कुणाच्या सुरीला धार नाही आणि कुणाच्या जिभेला आहे हेसुद्धा. सहा वर्षांत मी त्या कारखान्यात रुजले होते. तो गेला असता तर मी मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून बोटीची वाट बघणारी बाई झाले असते. मला तो कारखाना हवा होता.

आमच्या कारखानदार संघाची सेक्रेटरीही मीच होते, कारण बाकी कुणाला टायपिंग येत नव्हतं. मी सगळ्यांना फोन केले. पावसकर म्हणाले, अहो बॉयलर एक दिवसाआड पेटवतो. इस्माईल होडेकर म्हणाले, भाभी, यंदा बॉयलरला गंज चढतोय. ते हे म्हणत असताना मागे त्यांचा बॉयलर इतक्या जोरात फुसफुसत होता की मला त्यांचं बोलणं दोनदा विचारावं लागलं. मयेकरांना फोन करायची मला घरातून बंदी होती, तरी केला. ते म्हणाले, "शेट्यांच्या सुनेला काय सांगायचं? आमचं काय खरं नाय." सगळ्यांची बेरीज केली तर ती आमच्या एका कारखान्याच्या गरजेइतकीही होईना.

दुपारी मी पुन्हा नानांपाशी गेले आणि चिडून म्हणाले की तुम्ही सगळे मिळून आपल्या हातानं आपला बॉयलर विझवताय. ते शांतपणे ऐकत होते. सुनेनं आवाज चढवला म्हणून रागावणाऱ्यांतले नाना नव्हते. शेवटी म्हणाले, "मला काय ते कळत नाय असं वाटतं तुला?"

"मग सांगा ना."

"मी पयला सांगितला तर बाकीचे गप्प बसून हसतील. उद्या दर चढला की मी एकटा मरेन नि फाटाही येणार नाय."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. सगळ्यांना सगळं कळत होतं आणि कुणी पहिलं बोलणार नव्हतं.

संध्याकाळी नानांनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि देव्हाऱ्याजवळच्या परडीतला एक नारळ उचलला. म्हणाले, भैरीला जाऊन येतो. भैरी आमचं ग्रामदैवत. मी म्हटलं, या जाऊन, आता तोच काय ते करील. सुनावणीच्या आदल्या दिवशी देवाला नारळ ठेवणारा माणूस आणि दिवसाला किती आंबा लागतो ते न सांगणारा माणूस एकच, याची मला गंमत वाटली नाही. ते बऱ्याच वेळानं परतले. हातात ना खोबऱ्याचं शकल, ना अंगारा. माझ्या ते लक्षात आलं, पण विचारण्याची माझी मनःस्थिती नव्हती. जेवताना मात्र त्यांनी भात दोनदा मागून घेतला.

सकाळी गाडीत बसल्यावर ते पहिल्यांदा बोलले. "तिथे आपला आकडा तुझ्या तोंडून निघायचा नाय. शब्द दे."

"मग कुणाच्या तोंडून निघणार?"

"ते बघू. तू शब्द दे."

मी दिला. रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिले. सरकारी सभागृह यायच्या आधीच मी मनातल्या मनात सामानाची बांधाबांध सुरू केली होती.

सभागृहात पंखे होते, वारं नव्हतं. समोर टेबलाशी समितीचे अध्यक्ष चौबळसाहेब बसले होते. निवृत्त सचिव, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. त्यांच्या शेजारी गॅस कंपनीचा एक तरुण इंजिनियर. एका बाजूच्या खुर्च्यांवर आम्ही कारखानदार, दुसऱ्या बाजूला बागायतदार. बागायतदारांना का बोलावलं होतं कुणास ठाऊक, पण त्यांचे पुढारी भाटकर पहिल्याच रांगेत पायावर पाय टाकून बसले होते. त्यांना बघितल्यावर आमच्या बाजूला सगळ्यांचे खांदे आणखी दोन इंच खाली गेले.

चौबळसाहेबांनी सुरुवात सरळ केली. म्हणाले की सरकारला कुणाचा धंदा बंद करायचा नाही, पण गॅसची नळी कुणाच्या अंदाजावर टाकता येत नाही. ऐन हंगामात कुणाला किती आंबा लागतो तेवढं प्रत्येकानं सांगावं, त्यावरून गॅसचा हिशेब इंजिनियर करतील.

मग एकेक जण उठला. ते ऐकताना मला खरंच वाटायला लागलं की कोकणात आंबा नावाचं फळच होत नसावं. पावसकर उठले आणि खोकलेच जास्त. होडेकरांनी अल्लाचं नाव घेऊन सांगितलं की चार टेम्पो आले तर नशीब. मयेकर उठले, नानांकडे न बघता म्हणाले, "आमचं काय, चाललंय आपलं," आणि बसले. नानांची पाळी आली.

"शेट्ये, तुमच्याकडे?"

"यंदा काय खरं नाय साहेब."

चौबळसाहेबांनी चष्मा काढला. इंजिनियरनं बेरीज त्यांच्याकडे सरकवली आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. साहेब म्हणाले, "एवढ्या मागणीला महामार्गापासून नळी टाकणं शक्य नाही. मी तसं लिहितो. तुमच्या वसाहतीला गॅस मिळणार नाही. तेलावरचे बॉयलर मात्र पुढच्या हंगामापासून बंद होतील, ती तरतूद तशीच राहील. कुणाला काही म्हणायचंय?"

मी उभी राहिले. मी उभी राहणार हे मलाच माहीत नव्हतं.

"साहेब, हे आकडे खरे नाहीत."

सगळे माझ्याकडे वळले. साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "खरे काय आहेत?"

माझ्या तोंडात आमचा आकडा होता, अगदी दातांशी. नाना खाली बघत होते. शब्द मोडावा की कारखाना, एवढाच प्रश्न होता, आणि त्या क्षणी मला नानांचा इतका संताप आला होता की शब्द मोडायला मला जड गेलं नसतं. तरी मी गप्प उभी राहिले. त्यांनी सहा वर्षांत माझ्याकडून एवढी एकच गोष्ट मागितली होती. मी नुसतीच मान हलवली.

"बसा," चौबळसाहेब मऊपणे म्हणाले आणि लिहायला लागले.

तेव्हा नाना उठले. काठीवर दोन्ही हात ठेवून, सावकाश. मला वाटलं, आता सांगतील.

"साहेब, माझं सोडा," ते म्हणाले. "हा जो सदानंद मयेकर बसलाय ना, याच्याकडे काल तेवीस टेम्पो उतरले. परवा बावीस. आठवड्यात वीसच्या खाली एकही दिवस नाय. दोन बॉयलर पेटतात. आणि म्हणतो, चाललंय आपलं."

मयेकर ताडकन उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आणि तू रे गजा? तुझ्याकडे काल एकवीस आले ते काय लग्नाच्या वऱ्हाडाचे? साहेब, हा माणूस खोटारडा. यानं तिसरा बॉयलर मागच्या वर्षी बसवला, लिहून घ्या."

नानांनी खाली बसता बसता मान हलवली, जणू त्यांचा अपमान झाला होता. मी मात्र मनात मोजलं. एकवीस हे पुढच्या फाटकातले. मागच्या फाटकानं आलेले दोन मयेकरांनी धरले नव्हते. नानांनी ती चूक दुरुस्त केली नाही.

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मयेकर बसता बसता होडेकरांकडे बोट करून म्हणाले की आमचं काढता तर याचंही काढा, याच्या भट्टीचा धूर भाट्याच्या खाडीपासून दिसतो. होडेकर उठले आणि त्यांनी पावसकरांची रात्रपाळी उघड केली. पावसकरांचा खोकला थांबला. त्यांनी होडेकरांचे टेम्पो सांगितले, वर शेवटच्या रांगेतल्या दोघांचेही सांगितले, नंबरप्लेटसकट म्हणायला हरकत नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचं तोंडपाठ होतं. स्वतःचं एकानंही सांगितलं नाही आणि तरी पाव तासात सगळ्यांचं खरं त्या टेबलावर येऊन पडलं.

चौबळसाहेब लिहिता लिहिता मिशीत हसत होते. शेवटी त्यांनी प्रत्येकाला विचारलं की तुमच्याबद्दल सांगितलं ते मान्य आहे का. होडेकर म्हणाले, "लोक म्हणतात तर असेल." पावसकर म्हणाले, "आता सगळे म्हणतायत तर मी काय बोलू." मयेकर म्हणाले, "गजानं मोजलंय ना, मग बरोबर असेल." नानांनी नुसती मान हलवली. इंजिनियरनं बेरीज केली, पुन्हा केली, आणि तिसऱ्यांदा करून साहेबांकडे सरकवली. साहेबांनी आधीचं लिहिलेलं खोडलं. ती रेघ मी लांबून बघितली.

तेवढ्यात भाटकर उठले. आमच्या बाजूला सगळ्यांचे खांदे पुन्हा खाली गेले. फाटा मिळाला, पण आता दर चढणार, असं मला वाटलं. भाटकरांनी आधी घाम पुसला.

"साहेब, या लोकांनी आज काय नवीन सांगितलं ते मला कळलं नाय," ते म्हणाले. "टेम्पो आमचे, ड्रायव्हर आमचे, आंबा आमचा. कुणाकडे किती जातो ते आमच्या पोरासोरांना माहीत आहे. हे इतकी वर्षं कुणापासून लपवत होते ते त्यांनाच विचारा."

आधी बागायतदार हसले, मग चौबळसाहेब, मग आमची बाजू, जरा ओशाळी होऊन. भाटकर पुढे म्हणाले की गॅस यायलाच हवा, कारण पेटीत न जाणारा डागी आंबा घ्यायला हे कारखानेच आहेत, ते बंद पडले तर तो आंबा आम्ही खाडीत टाकायचा काय? हे लिहून घ्या साहेब, आमच्यातर्फे. आणि बसता बसता नानांकडे वळून म्हणाले, "दराचं उद्या सकाळी बघू हां नाना."

मी बाहेर व्हरांड्यात आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मग मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. शिपायानं पाणी आणून दिलं. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं आणि मला तिथल्या उकाड्यातसुद्धा गार वाटत होतं. नाना काठी टेकत आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, चल, दोनचा टेम्पो यायचा असेल. गाडीत बसल्यावर त्यांनी मुंबईच्या पार्टीला फोन लावला. "जागा द्यायची नाय," एवढंच बोलले आणि फोन खिशात ठेवला.

मी त्यांना म्हटलं, "नाना, तुमच्या भांडणानं आज सगळ्यांना तारलं."

"मेला खोटारडा म्हणाला मला," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, राग अजून गेला नाही.

धोरण पावसाळ्यानंतर जाहीर झालं. आमची वसाहत त्यात होती. फाटा टाकून होईपर्यंत तेलाच्या बॉयलरना मुदत मिळाली, आणि हंगामी कारखान्यांनी गॅसचे पैसे हंगामापुरतेच भरायचे असंही त्यात होतं. चौबळसाहेबांनी आम्ही न मागितलेलं ते स्वतःहून घातलं होतं. पुढच्या हंगामात मात्र नाना खुर्चीवर, मयेकर स्टुलावर, मधे रस्ता, सगळं जसंच्या तसं. आता या दोघांचं काही होणार नाही, असं मी समजून चालले.

गॅस आला तो पुढच्या वर्षाचा हंगामही जाऊन त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये. बॉयलरच्या नव्या बर्नरची पूजा झाली, इंजिनियरनं बटण दाबलं आणि काचेआड निळी ज्योत दिसली. धूर नाही, तेलाचा वास नाही. कापणाऱ्या बायका वाकून वाकून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, आता साड्या काळ्या व्हायच्या नाहीत.

तेवढ्यात फाटकाकडची कुजबुज थांबली. मी वळून बघितलं. मयेकर रस्ता ओलांडून आमच्या आवारात येत होते. हातात एक नारळ, जुना, शेंडी वाळून करडी झालेला. ते सरळ माझ्यासमोर आले आणि नारळ माझ्या हातात दिला. हलवला तर आत गोटा खुळखुळला.

"हा तुमच्या घरचा," ते म्हणाले. "दोन वर्षं माझ्या देवापुढे होता. आता फोडा."

मला काही कळेना. नाना बॉयलरकडे तोंड करून उभे होते, जणू त्या ज्योतीत त्यांना काहीतरी वाचायचं होतं.

"सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तुझा सासरा माझ्या दारात आला," मयेकर म्हणाले. "चौदा वर्षांनी. हा नारळ ठेवला नि म्हणाला, सदू, आपला आकडा आपल्या तोंडानं मी सांगायचा नाय नि तू सांगायचा नाय. पण मी तुझा सांगतो, तू माझा सांग."

"पण मग भांडलात कशाला?"

"गोडीनं सांगितला असता तर बाकीचे मजा बघत बसले असते. भांडण लागलं म्हटल्यावर प्रत्येकाला तोंड उघडावंसं वाटतं. हे गजाचं डोकं. खोटारडा तेवढं मी आयत्या वेळी घातलं."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू कोल्हापूरची गो," मयेकर म्हणाले. "तुझ्या पोटात राहिलं असतं, पण तोंडावर दिसलं असतं. तू खरीच चिडलीस म्हणून साहेबाला खरं वाटलं."

देवाला म्हणून नेलेला नारळ, परत न आलेला अंगारा, दोनदा मागून घेतलेला भात, गाडीत घेतलेला शब्द, सगळं एकदम माझ्या समोर आलं. त्या दिवशी सभागृहात ज्या माणसाचा मला सगळ्यात जास्त संताप आला होता, त्यानं आदल्या संध्याकाळीच सगळ्यात अवघड काम उरकलेलं होतं. मला नानांच्या पाया पडावंसं वाटलं. पण पडले असते तर ते चिडले असते, म्हणून मी नारळ त्यांच्या हातात दिला.

नानांनी तो बर्नरच्या पायरीवर फोडला. आतून पांढराशुभ्र गोटा निघाला. एक शकल त्यांनी ज्योतीसमोर ठेवलं, एक मयेकरांना दिलं, आणि बाकीचं बायकांत वाटायला माझ्याकडे. दोघं खोबरं चघळत फाटकाकडे चालत गेले. मी मागोमाग गेले, कारण मला दुसरी खुर्ची टाकायची होती.

मयेकर बसले. समोर मयेकरांचं फाटक होतं आणि त्यांचं स्टूल रिकामं होतं.

"काय गजा, यंदा कसं काय?" मयेकरांनी विचारलं.

'काय खरं नाय' हे उत्तर मी ओठांनीच म्हणून ठेवलं होतं. पण नानांनी ते दिलं नाही.

"मला काय विचारतोस? तू मोजतोसच की."

"काल सोळा," मयेकर म्हणाले.

नानांनी खोबऱ्याचा तुकडा गालात एका बाजूला सारला.

"अठरा," ते म्हणाले. "दोन मागच्या फाटकानं आले."